जगलेली रोपं मोजून झाली, आता टळलेला धोका कसा मोजायचा?

मोजपट्टी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माझं काम प्रकल्पांचं मूल्यमापन करण्याचं. म्हणजे पैसे एकाचे, राबणारा दुसरा, आणि ‘झालं का नीट?’ असं विचारत फिरणारा तिसरा मी. आजवर शाळा, शौचालयं, पाणीयोजना बघितल्या. यंदा पहिल्यांदाच हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी केलेला ‘निसर्गाधारित उपाय’ वाट्याला आलाय. खाडीच्या तोंडाशी लावलेलं कांदळवन, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला पुराचं पाणी पसरावं म्हणून मोकळी ठेवलेली जमीन. पाच वर्षं झाली.

पैसे देणाऱ्यांनी तक्ता पाठवलाय. रकाने असे: किती हेक्टर, किती रोपं, किती जगली, किती जणांना प्रशिक्षण, फोटो (आधी/नंतर). आणि प्रकल्पाच्या कागदावर पहिल्याच ओळीत उद्देश लिहिलाय, ‘वादळ व पुरापासून वस्त्यांचे संरक्षण’. संरक्षणाचा मात्र एकही रकाना नाही! विचारलं तर म्हणाले, झाडं जगली म्हणजे संरक्षण आलंच की.

मला हे पटत नाही. पण मग काय मोजायचं हेही धड सांगता येत नाहीये. पाच वर्षांत मोठं वादळ आलेलंच नाही. जे आलंच नाही त्यापासून वाचवलं का, हे ठरवायचं कसं? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं अशा उपायांसाठी २०२० मध्ये काढलेलं मानक वाचलं. ८ निकष, २८ निर्देशक. उपयोगी आहे, पण प्रकल्प नीट आखलाय का, लोकांना विचारलंय का, जैवविविधतेचं भलं होतंय का, एवढं त्यातून कळतं. पाणी किती अडलं ते नाही कळत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा
पहिला!
‘आधी’चा फोटो रखरखत्या उन्हाळ्यातला आणि ‘नंतर’चा भर पावसाळ्यातला नाही ना, तेवढं बघून घ्या.

भरतीओहोटी
चांगला विषय. ‘जगलेली रोपं’ या रकान्यावर माझा जुना राग आहे, तर तिथूनच सुरुवात करते.

पाचव्या वर्षी किती जगली हा आकडा नेहमी दिला जातो, पण पहिल्या वर्षी मेलेल्यांच्या जागी गुपचूप नवी लावली का, हे कोणी सांगत नाही. ते आधी विचारा. मेलेल्यांच्या जागी लावलेली ही नवी रोपं मूळ रोपांत मिसळली की टक्केवारीला काहीही अर्थ उरत नाही.

दुसरं, कुठे लावली? फिलिपिन्समध्ये काही दशकं कांदळवन लागवड झाली, तिचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४४,००० हेक्टरवर लावलं आणि दीर्घकाळ टिकलं ते साधारण १० ते २० टक्के. कारण गमतीशीर आणि संतापजनक दोन्ही आहे. कांदळवनात अनेक जातींची झाडं असतात, कांदळ ही त्यातली एक. कांदळाची लांब शेंग हातात घेऊन चिखलात खोचायला सोपी, म्हणून सगळीकडे कांदळच लावला. आणि जागा कुठली, तर समुद्राकडचा सखल, बहुतेक वेळ पाण्याखाली असलेला उघडा चिखल किंवा रेती. तिथे मुळात कांदळ येत नाही. सगळ्यात पुढे तिवर आणि चिप्पी या जाती उभ्या राहतात. मग ही जागा का निवडली? कारण योग्य जागांवर मत्स्यशेतीची तळी खोदलेली होती, त्यांना मालक होते. उघड्या चिखलाला मालक नव्हता.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत तेच. तपासणी केलेल्या २३ जागांपैकी ९ जागी एकही रोप उरलं नव्हतं. हजार-बाराशे हेक्टरवर लावलेलं, धड उभं राहिलं ते दोनशे-सव्वादोनशे हेक्टर.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, न लावलेली किती उगवलीत? आजूबाजूच्या झाडांचं बी वाहत येऊन आपसूक रुजत असेल, वेगवेगळ्या वयाची, दोन-तीन जातींची रोपं दिसत असतील, तर समजावं की भरतीचं पाणी जसं यायला-जायला हवं तसं येतंय. ओळीत, एकाच उंचीची, एकाच जातीची झाडं दिसली तर मला धडकी भरते. ते वन नाही, कवायत आहे.

काँक्रीटकाका
मोजपट्टी, तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि या मंडळींकडे त्याचं उत्तर नसतं असा माझा अनुभव.

मी आयुष्यभर बांध, भिंती, पूल केले. मला कोणी विचारलं की ही भिंत कशापासून वाचवते, तर मी एका वाक्यात सांगतो: १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी अमुक, त्यावर एवढी मोकळी उंची. चुकलो तर मला धरता येतं. कांदळवनवाल्यांना विचारा, कुठल्या पातळीपर्यंत? उत्तर येतं, ‘अनेक लाभ आहेत हो’. मासे आहेत, पक्षी आहेत, कार्बन आहे. असतील. मी पाण्याबद्दल विचारतोय.

रिकामटेकडा
काका आले, आता धागा शंभरी गाठणार.

भरतीओहोटी
काका, उत्तर आहे. फक्त ते एका आकड्यात बसत नाही, कारण ‘पाणी’ म्हणताना तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय.

वाऱ्यानं उठलेल्या लाटा एक. त्या आखूड असतात, मुळं-खोडं-फांद्यांवर आपटून त्यांचा जोर लवकर मोडतो. निरनिराळ्या ठिकाणच्या मोजण्या एकत्र केल्या तर १०० मीटर रुंदीच्या कांदळवनात लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते.

वादळी उधाण ही वेगळी चीज. तिथे समुद्राची अख्खी पातळीच तासन्‌तास वर चढलेली असते. तिला अडवायला शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. तिथे हिशेब किलोमीटरचा: एक किलोमीटर रुंद वनामागे पातळी ५ ते ५० सेंटिमीटर उतरते.

आता मोजपट्टी यांच्या प्रकल्पाला लावा. पट्टा समजा ८० मीटर रुंद असेल तर नेहमीच्या लाटा आणि किनाऱ्याची धूप यावर तो खरंच काम करेल. ‘वादळापासून संरक्षण’ हे शब्द मात्र कागदावरून खोडायला हवेत. म्हणजे पाचव्या वर्षी झाडं मोजण्याच्या आधी मूल्यमापनाची पहिली पायरी हीच, की दिलेलं वचन भौतिकशास्त्राला धरून होतं का.

आणि १३ ते ६६ ही रुंद फट बघून नाक मुरडू नका. झाडांची दाटी, जात, पाण्याची खोली, लाटेची उंची याप्रमाणे ती बदलते, आणि हे सगळं जागेवर मोजता येतं.

काँक्रीटकाका
हे पटलं. लाट आणि उधाण वेगळं काढून बोलणारं माणूस या विषयात पहिल्यांदा भेटलं.

आकडेमोड
मला ‘वनामागची वस्ती वाचली’ या वाक्यावर बोलायचं आहे, कारण इथे भलेभले घसरलेत.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या १८ वाड्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: जिथे झाडोरा जास्त तिथे मृत्यू कमी. जगभर गाजला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं तीच आकडेवारी घेऊन पुन्हा गणित मांडलं. निघालं काय, तर झाडोरा जास्त असलेल्या वाड्या मुळात समुद्रापासून लांब आणि उंचावर होत्या. उंची आणि अंतर हिशेबात धरल्यावर झाडांचा वेगळा परिणाम दिसेना.

याचा अर्थ झाडांचा उपयोग नाही असा नव्हे. त्या आकड्यांवरून तो सिद्ध होत नव्हता, इतकाच.

आता हेच नीट केलेलं उदाहरण. १९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, केंद्रपाडा जिल्हा, चारशेहून जास्त गावं. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये मांडलेलं विश्लेषण. त्यांनी किनाऱ्यापासूनचं अंतर, गावांची परिस्थिती, पूर्वी कांदळवन कुठवर होतं, असं बरंच काही हिशेबात घेतलं. तरीही वनाच्या रुंदीचा परिणाम टिकला: किनाऱ्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या गावांत, कांदळवन नसतं तर गावामागे सरासरी १.७२ मृत्यू जास्त झाले असते.

आणि मला त्या अभ्यासातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी स्वच्छ लिहिलं: सरकारनं दिलेल्या आगाऊ इशाऱ्यानं कांदळवनापेक्षा जास्त जीव वाचवले. आपला मुद्दा लंगडा पडेल म्हणून हे लपवलं नाही. त्यामुळेच १.७२ वर विश्वास बसतो.

थोडक्यात, ‘आधी आणि नंतर’ पुरेसं नाही. ‘इथे आणि तिथे’ही पुरेसं नाही. उपाय केलेली जागा आणि तिच्यासारखीच पण उपाय न केलेली जागा, दोन्ही ठिकाणी आधी आणि नंतर, अशा चार मोजण्या लागतात. चारही असतील तरच ‘हे केलं नसतं तर काय झालं असतं’ याच्या जवळपास जाता येतं.

मोजपट्टी
आकडेमोड, इथेच माझी पंचाईत आहे. आधीची मोजणीच नाही. प्रकल्प सुरू झाला, रोपं लागली, आणि पाच वर्षांनी मला बोलावलं. चारपैकी दोन खणांत फुली. आता?

आकडेमोड
नेहमीचंच आहे, खचू नका. मागे जाऊन आधीची स्थिती काही प्रमाणात उभी करता येते.

लँडसॅटची उपग्रहचित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. किनाऱ्याची रेघ आणि हिरवा पट्टा दर वर्षी कुठे होता ते काढा, तुमच्या जागी आणि शेजारच्या तशाच दोन-तीन खाड्यांत. फक्त दर वेळी भरतीची पातळी सारखी असलेली चित्रं निवडा, नाहीतर समुद्र ‘मागे हटलेला’ दिसेल आणि ती नुसती ओहोटी असेल. (रिकामटेकडा यांचा विनोद वाटतो तितका विनोद नाही.)

नदीकडच्या भागासाठी जुन्या पुरांच्या खुणा शोधा. देवळाच्या पायऱ्या, पुलाचे खांब, घरांच्या भिंती. ‘पाणी कुठवर आलं होतं’ हे लोक बोट ठेवून दाखवतात. दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारा आणि जुळतंय का बघा.

आणि ‘वादळ आलंच नाही’ याचं म्हणाल तर साधं गणित. दर वर्षी १ टक्का शक्यता असलेली घटना पाच वर्षांत एकदा तरी घडण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी. ३० वर्षांत २६ टक्के. म्हणजे पाच वर्षांच्या प्रकल्पाला ‘वादळात तपासून पाहू’ म्हणणं हे बहुतेक वेळा न तपासण्यासारखंच. तुम्ही वादळाची वाट बघू नका, यंत्रणा तपासा. वनाच्या समोर एक आणि मागे एक दाबमापक चिखलात रोवा. पावसाळ्यातल्या साध्या लाटासुद्धा सांगतील की उंची किती उतरतेय. तो आकडा संगणकी प्रारूपात घालून मोठ्या वादळाला काय होईल त्याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाजाची फटही लिहायची.

नवखी
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. निसर्गाधारित उपाय आणि नुसतं वृक्षारोपण यात फरक काय? मला तर दोन्हीचे फोटो सारखेच दिसतात.

भरतीओहोटी
अजिबात बाळबोध नाही. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेनं जी व्याख्या मान्य केली तिचा गाभा असा: परिसंस्था राखायची, पूर्ववत करायची किंवा टिकाऊपणे वापरायची, त्यातून माणसांचा एखादा खरा प्रश्न सुटला पाहिजे, आणि त्याच वेळी जैवविविधतेचंही भलं झालं पाहिजे. प्रश्न सुटत नसेल तर ते संवर्धन, जे आपल्या जागी उत्तमच. निसर्गाचं भलं होत नसेल तर ती हिरव्या रंगाची बांधकामं.

उलटं टोकही आहे. चीनच्या लोएस पठारावर (भुसभुशीत, सहज धुपणाऱ्या मातीचा प्रदेश) १९९९ पासून प्रचंड प्रमाणात झाडोरा वाढवला. धूप खरोखर घटली, पीत नदीतला गाळ कमी झाला. पण झाडं पाणी पितात. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिथला झाडोरा उपलब्ध पाण्याच्या मर्यादेजवळ पोचलाय, आणखी लावाल तर माणसांच्या वाट्याचं कमी होईल. फक्त हिरवळ मोजत बसलं असतं तर हे कळलंच नसतं.

काँक्रीटकाका
आता नदीकडच्या जमिनीबद्दल दोन शब्द, कारण तिथे मी ‘निसर्गवाल्यां’च्या बाजूनं आहे. वाचून चकित होऊ नये.

नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ ला मोठे पूर आले. १९९५ ला अडीच लाख माणसं हलवावी लागली. बांध आणखी उंच करायचे की नदीला जागा द्यायची, असा प्रश्न होता. त्यांनी दुसरा रस्ता धरला. तीसहून जास्त ठिकाणी कामं, खर्च २.३ अब्ज युरोच्या घरात. ऱ्हाइन नदी देशात शिरते तिथे सेकंदाला १५,००० ऐवजी १६,००० घनमीटर पाणी सुखरूप पुढे जावं, हे उद्दिष्ट.

मला आवडलं ते वेगळंच. प्रत्येक ठिकाणाला आधीच सांगितलं होतं की तुमच्या कामानं पुराची पातळी इतके सेंटिमीटर उतरली पाहिजे. नायमेखेन शहरासमोर बांध ३५० मीटर मागे घेतला, नदीला शेजारी नवा फाटा काढला, आणि पातळी सुमारे ३५ सेंटिमीटर उतरली. बांध मागे घेताना पन्नासेक घरंही पाडावी लागली, तेही लपवलेलं नाही. मूल्यमापन सोपं झालं, कारण काय मोजायचं हे कुदळ मारण्याआधी ठरलेलं होतं.

मोजपट्टी, तुमच्या कागदावर सेंटिमीटर आहेत का? नसतील तर तुम्ही पाच वर्षं उशिरा पोचलात. यात दोष तुमचा नाही.

दुसरी बाजूही सांगतो. ‘स्पंज शहर’ म्हणून चीनमध्ये २०१५ पासून मोठा कार्यक्रम झाला. पडलेल्या पावसापैकी ७० टक्के जागीच मुरवायचा किंवा वापरायचा, असं लक्ष्य. २० जुलै २०२१ ला चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. लगेच ‘स्पंज फसला’ अशी ओरड. पण वर्षभरातल्या पावसाचा मोठा वाटा लहानसहान सरींचा असतो. ७० टक्के म्हणजे त्या सरी. तासात २०० मिलिमीटरचं वचन स्पंजनं दिलेलंच नव्हतं. ज्यांनी ते दिलं, किंवा दिल्यासारखं भासवलं, त्यांना धरा.

रिकामटेकडा
काकांचं नाव बदलून ‘पाणथळकाका’ करा.

काँक्रीटकाका
नाव तेच राहील. नदीकाठी जागा असेल तर पाणथळ. दाट वस्तीत जागा नसेल तर भिंत. दोन्ही एकत्र जमत असेल तर उत्तम, पुढे झाडं आणि मागे कमी उंचीचा बांध.

व्याजदर
उशिरा आलो. पैशाच्या बाजूनं कोणीच बोललं नाही, म्हणून.

भिंत पहिल्या दिवशी सगळ्यात भक्कम असते, मग झिजत जाते. वन पहिल्या दिवशी कुचकामी असतं, मग वाढत जातं. आता बघा, ३० वर्षांनी टळणाऱ्या १०० च्या नुकसानीची आजची किंमत ३ टक्के वटाव दरानं (म्हणजे पुढची रक्कम वर्षामागे इतक्या टक्क्यांनी कमी धरायची) ४१ होते आणि ८ टक्के दरानं जेमतेम १०. म्हणजे दर चढा धरला की वनाचा लाभ जवळजवळ पुसला जातो. त्यात वन वाईट होतं असं काही नसतं, ते उशिरा कामाला येतं इतकंच. ‘लाभ-खर्च गुणोत्तर २.४’ असा आकडा अहवालात दिसला की मी आधी तळटीप वाचतो, दर कुठला धरलाय आणि किती वर्षं धरलीत. दर सांगितला नसेल तर अहवाल मिटून ठेवतो.

दुसरा घोटाळा एकच लाभ दोनदा मोजण्याचा. मासळी वाढली म्हणून एकदा, आणि मासेमारांचं उत्पन्न वाढलं म्हणून पुन्हा.

स्वस्ताईबद्दलही जपून. २०१६ च्या एका अभ्यासात ५२ किनारी प्रकल्प तपासले होते. अर्धा मीटर उंचीपर्यंतच्या लाटांसाठी कांदळवन आणि खाऱ्या पाण्यातली गवताळ दलदल हे पाण्याखालच्या लाटरोधक बांधापेक्षा दोन ते पाच पट स्वस्त निघाले. लोक ‘दोन ते पाच पट’ लक्षात ठेवतात, ‘अर्धा मीटर’ विसरतात.

आणि जमिनीची किंमत धरली का? देखभालीचे पैसे? पाच वर्षांनी राखणदाराचा पगार कोण देणार?

चावडी
व्याजदर यांनी जमिनीचा विषय काढलाच आहे तर मला ‘कोणाची जमीन’ हे विचारायचंय. धागा वाचताना सतत वाटत होतं की वस्त्यांचं संरक्षण म्हणताना सगळी वस्ती एकच धरली जातेय.

खाडीच्या तोंडाशी लागवड झाली म्हणजे तो चिखल बंद झाला. तिथे आधी शिंपल्या, कालवं, खेकडे वेचायला कोण जायचं? बहुतेक ठिकाणी बायका जातात, आणि त्यांच्या नावावर काहीच नसतं. कुंपण पडलं की त्यांचं उत्पन्न गेलं. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या यादीत कदाचित त्यांचीच नावं असतील, म्हणजे तुमच्या तक्त्यात त्या ‘लाभार्थी’.

नदीकडेही तेच. वरच्या शेतात पाणी पसरतं म्हणून खालचं गाव वाचतं. खालच्या गावाचा फायदा मोजलात. वरच्या शेतकऱ्याचं बुडालेलं पीक कुठल्या रकान्यात जातं? सरासरी काढली की दोघं मिळून सुखी दिसतात.

काकांनी नेदरलँड्स सांगितलं, त्यातलंच एक ठिकाण ओव्हरडीप पोल्डर (पोल्डर म्हणजे बांधांनी वेढलेली सखल जमीन). पुराच्या वेळी पाणी आत घ्यायचं ठरल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनीच तोड सुचवली: कडेला उंच टेकाडं करायची, घरं-गोठे त्यांवर न्यायचे, खालची जमीन कसत राहायची. तरी सगळे राहिले नाहीत, जागा कमी पडली, काही कुटुंबं गेली. मूल्यमापनात गेलेल्यांना गाठून विचारायला हवं. जे राहिले ते समाधानी असणारच.

माझा साधा नियम: मुलाखतींच्या यादीत किमान निम्मी नावं प्रकल्पवाल्यांनी दिलेली नसावीत.

मोजपट्टी
चावडी, हे टोचलं. माझ्या यादीतली सगळी नावं प्रकल्पवाल्यांनीच दिलेली आहेत. बदलतो.

नवखी
आणखी एक. हवामानच बदलतंय तर ही झाडं, ही प्रवाळं स्वतः टिकणार का? रक्षकालाच रक्षण लागलं तर?

भरतीओहोटी
अगदी मर्मावर बोट ठेवलंत.

प्रवाळाची भिंत लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा खाते, यापेक्षा चांगला बांध कोणी बांधून दाखवावा. पण आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी प्रवाळ ७० ते ९० टक्के घटणार, आणि २ अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त. तिथे ‘५० वर्षं संरक्षण’ असं लिहिणं म्हणजे थाप.

कांदळवन जरा चिवट. गाळ साठवत, मुळं वाढवत ते स्वतःची जमीन वर उचलतं. समुद्र जितका चढेल तितकं तेही चढतं, पण साधारण वर्षाला ६-७ मिलिमीटरच्या पुढे त्याची दमछाक होते. आणि मागे सरकायला जमीन हवी. मागे रस्ता किंवा भिंत असेल तर ते दोन्हीकडून चेपलं जातं.

इंडोनेशियातल्या देमाकचं उदाहरण फार शिकवणारं आहे. तिथे झाडं लावलीच नाहीत, आधी बांबू आणि फांद्यांचे झिरपते कुंपणबांध घातले. लाट मंदावली, गाळ बसला, काही ठिकाणी रोपं आपोआप आली. कल्पना उत्तम. पण भूजलाच्या उपशामुळे त्या किनाऱ्याची जमीनच वर्षाला कित्येक सेंटिमीटर खचतेय. समुद्राचे मिलिमीटर आणि जमिनीचे सेंटिमीटर! फक्त कुंपणबांध तपासले असते तर ‘उपाय फसला’ म्हटलं असतं. फसलं ते पाणी उपसण्यावरचं नियंत्रण.

म्हणून मोजपट्टी, तुमच्या जागेची जमीन वर येतेय की खाली जातेय हे तपासल्याशिवाय काहीही लिहू नका. पद्धत साधी आहे. खोल रोवलेल्या दांड्याच्या आधारानं पृष्ठभागाची उंची मोजायची, आणि शेजारी चिखलावर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या पावडरीचा थर पसरून ठेवायचा. वर्षभरानं तिथला चिखल उभा कापून काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ साठला ते सरळ दिसतं.

आकडेमोड
+१. आणि निकाल ‘यशस्वी/अयशस्वी’ असा लिहू नका. ‘या उंचीच्या लाटेपर्यंत, या रुंदीला, इतक्या वर्षांनंतर, इतक्या खात्रीनं’ असं लिहा.

मोजपट्टी
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर धागा पुन्हा पुन्हा वाचला. काय केलं ते सांगतो.

अहवालात ‘वादळापासून संरक्षण’ऐवजी ‘लाटांचा जोर आणि किनाऱ्याची धूप कमी करणे’ असा उद्देश धरून तपासणी केली, आणि तसं का केलं ते पहिल्याच पानावर लिहिलं. पट्टा मोजला, सरासरी ९० मीटर भरला. चित्रांवरून शेजारच्या दोन खाड्यांशी तुलना केली: आमच्याकडे धूप मंदावलेली दिसते, पण एका खाडीत काहीही न लावता तितकीच मंदावली आहे. हेही लिहिलं. आपसूक आलेली रोपं मोजली, लावलेल्यांपेक्षा ती जास्त जोमदार आहेत. नदीकडच्या जमिनीबद्दल ‘पातळी किती उतरते हे ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे सांगता येत नाही’ असं एक वाक्य आहे, त्यावरून वाद होणार. शिंपल्या वेचणाऱ्या अकरा जणींशी बोललो. अकरापैकी एकीचंही नाव कुठल्या बैठकीच्या हजेरीत नाही.

पैसे देणाऱ्यांचं उत्तर आलं: ‘रकाने वाढवता येणार नाहीत. अधिकची माहिती शेरा या रकान्यात भरावी.’ शेऱ्याला २५० अक्षरांची मर्यादा आहे.

रिकामटेकडा
फोटोच्या रकान्यात अहवालाचा फोटो टाका.

काँक्रीटकाका
रिकामटेकडा पहिल्यांदा कामाचं बोलला.

मोजपट्टी
खरंच तसं करतोय 😀

भरतीओहोटी, एक शेवटचं. पुढच्या वर्षीसाठी पांढरी पावडर टाकायला परवानगी मिळालीय. कधी टाकू?

भरतीओहोटी
भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओहोटी लागल्यावर. उधाणाच्या मोठ्या भरतीला टाकलीत तर बसायच्या आत वाहून जाईल. समोर, मध्ये आणि मागे असे तीन चौकोन करा, आणि चौथा त्या शेजारच्या खाडीत, जिथे काहीच लावलेलं नाही.